नवा लेखनिक आणि जुना वाचक

आमच्या घरच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तींत आमच्या पणजोबांच्या वेळचीं, मोडी लिपींत लिहिलेलीं कागदपत्रें रुमालांत बांधून ठेविलेलीं आहेत. दरवर्षीं दिवाळीच्या साफसफाईंत आम्ही तो रुमाल सोडतों, कागद उजेडाकडे धरतों, दोनचार अक्षरें ओळखल्यासारखीं वाटतात तेवढ्यावर समाधान मानतों आणि रुमाल पुन्हां बांधून ठेवितों. लिहिणारा जुना व वाचणारा नवा असला म्हणजे काय होतें याचा हा घरगुती दाखला. असा अनुभव पुष्कळ वाचकांच्या घरीं असेल.

याच्या उलट प्रकाराचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाहीं. समजा, ते पणजोबा आज घटकाभर परत आले व त्यांच्या हातीं आम्हीं आपलें ताजें पत्र दिलें. बाळबोध अक्षर त्यांना उत्तम येत होतें, आणि मराठी तर त्यांचीच. तरीहि ‘ओटीपी आला कीं लगेच कळवा’ या वाक्यापाशीं ते अडतील. अक्षरें लागतील, वाक्याची घडण कळेल, पण ‘ओटीपी’ हा शब्द त्यांच्या कोशांतच नाहीं. येथें लिहिणारा नवा आहे, वाचणारा जुना आहे, आणि लिहिणारानें वाचणाराच्या कोशाची चौकशी न करितां आपल्या कोशांतला शब्द सहज उचललेला आहे. पणजोबा निदान ‘हें काय लिहिलें आहेस?’ असें विचारतील तरी. यंत्र विचारीत नाहीं, तें थांबतें.

संगणकाच्या जगांत हा दुसरा प्रकार नित्य घडतो, हें आम्हांस परवांपरवांपर्यंत ठाऊक नव्हतें. गेल्या दिवाळींत तें ठाऊक करून घेण्याचा प्रसंग आला. प्रसंग लहानच, पण त्यांत आमची शिफारस गुंतली होती आणि तीनशेंवर लोकांचे पैसे गुंतले होते, म्हणून तो नीट समजून घेतल्यावांचून आमच्यानें राहवेना. जें समजलें तें येथें मांडीत आहों.

आमच्या गांवीं एक लहानशी पतसंस्था आहे. ठेवीदार बहुतेक निवृत्त शिक्षक, कारकून, आणि ज्यांचा दुसरा आधार नाहीं अशा वृद्ध स्त्रिया. संस्थेचे खजिनदार आमचे जुने विद्यार्थी. व्याजाची आकारणी इतकीं वर्षें वहींत व हातानें होत असे. ती संगणकावर व्हावी असें त्यांच्या मनांत आलें, तेव्हां आम्हीं मोठ्या विश्वासानें आमच्या पुतण्याचें नांव सुचविलें. तो पुण्यास एका कंपनींत याच कामावर आहे. त्यानें मोबदला न घेतां रात्रीं जागून प्रोग्रॅम लिहिला. आपल्या लॅपटॉपवर तो दहा वेळां चालवून पाहिला, आणि वसुबारसेच्या तीन दिवस आधीं तो पतसंस्थेकडे रवाना केला. वसुबारसेपर्यंत व्याज प्रत्येकाच्या बँकेच्या खात्यांत जमा होईल असा फलक खजिनदारांनीं दारावर लावला होता.

प्रोग्रॅम उघडलाच नाहीं. पडद्यावर इंग्रजींत दोन ओळी आल्या. त्यांचा अर्थ असा: हा प्रोग्रॅम अधिक नव्या आवृत्तीनें तयार केलेला असून त्याचा अंक ५५ आहे, येथील यंत्रणा ५२ अंकापर्यंतच ओळखते.

हे अंक कसले, हें सांगण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. मनुष्य जी आज्ञा लिहितो ती यंत्रास जशीच्या तशी कळत नाहीं. मध्यें एक लेखनिक बसतो. तो मनुष्याचें लिखाण घेतो, त्यांतील चुका काढतो व यंत्राच्या सोयीच्या रूपांत त्याची नक्कल करून देतो. या लेखनिकाला कंपाइलर म्हणतात. जावा नांवाच्या भाषेंत ही नक्कल थेट यंत्राच्या भाषेंत नसते. ती एका मधल्या भाषेंत असते, आणि ज्या यंत्रावर काम चालवावयाचें त्यावर बसविलेला एक वाचक ती वाचून प्रत्यक्ष काम करवितो. या वाचकाला रनटाइम म्हणतात. लेखनिक पुण्यास, वाचक गांवीं. दोघांची गांठ कधींच पडत नाहीं.

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनें १९९५ सालीं जाहीर केली. जेम्स गॉसलिंग हे तिचे मुख्य कर्ते. २०१० सालीं ती कंपनीच ओरॅकलनें विकत घेतली. ‘एकदां लिहा, कोठेंहि चालवा’ अशी या भाषेची जाहिरात होती, आणि यंत्रांपुरती ती पुष्कळशी खरी ठरली. एका बनावटीच्या यंत्रावर केलेली नक्कल दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावरचा वाचक सुखानें वाचतो. परंतु ‘कोठेंहि’ हें देशवाचक अव्यय आहे, कालवाचक नव्हे. कोणत्याहि काळच्या वाचकापुढें ती नक्कल ठेवावी असें कोणी म्हटलेलें नव्हतें, आणि आमच्या पुतण्यासकट पुष्कळजण तें गृहीत धरून चालतात.

नक्कल ज्या फाइलींत असते तिच्या आरंभीं चार बाइटांची एक ठराविक खूण असते. सोळाच्या पटींत अंक लिहिण्याची जी पद्धति आहे तींत नवाच्या पुढचे अंक रोमन अक्षरांनीं दाखवितात. त्यामुळें ही खूण लिहून काढली तर ‘कॅफेबेब’ असा थट्टेचा शब्द दिसतो. पोथीच्या आरंभीं ‘श्रीगणेशाय नमः’ असावें तशीच ही गोष्ट. हा ग्रंथ कोणत्या संप्रदायाचा तें तीवरून कळतें. तिच्या पाठोपाठ आवृत्तीचा अंक येतो. जावाच्या अगदीं पहिल्या आवृत्तीचा अंक ४५ होता व पुढें तो एकेकानें वाढत गेला. म्हणून जावा ८ चा अंक ५२, जावा ११ चा ५५, जावा १७ चा ६१, जावा २१ चा ६५. आवृत्तींत ४४ मिळवावे कीं अंक निघाला. जावा ८ मार्च २०१४ मधील, जावा ११ सप्टेंबर २०१८ मधील. २०१८ पासून दर सहा महिन्यांनीं नवी आवृत्ति निघण्याचा परिपाठ पडला आहे, त्यामुळें अंक आतां झपाट्यानें चढतो.

पतसंस्थेच्या संगणकावर जावा ८ चा वाचक होता. पुतण्याच्या लॅपटॉपवरचा लेखनिक ११ चा होता. वाचकानें पहिल्या पानावरचा अंक पाहिला व ग्रंथ मिटून ठेवला. येथपर्यंत आम्ही त्या वाचकाचें कौतुकच करूं. जें आपणांस समजणार नाहीं तें अर्धवट वाचून भलतेंच करून ठेवण्यापेक्षां पहिल्या पानावर नकार देणें यांत सचोटी आहे.

बाजारांतील एक हुशार पोरगा हजर होता. तो म्हणाला, ‘सर, यांत काय आहे! जावा जुनी आहे, अपडेट मारतों.’ त्यानें जावा ८ काढून ११ घातली. व्याजाचा प्रोग्रॅम तत्काळ उघडला, आणि खजिनदारांनीं सर्वांसाठीं चहा मागविला. चहा येण्यापूर्वींच खिडकीवरील कारकून सांगत आला कीं पासबुक छापणें बंद पडलें आहे.

पासबुक छापण्याचा प्रोग्रॅम निराळा होता. सुमारें दहा वर्षांपूर्वीं कोणा गृहस्थानें तो करून दिला होता. ते गृहस्थ पुढें गांव सोडून गेले व त्यांचें मूळ लिखाण कोणाजवळच नाहीं. त्या प्रोग्रॅमला जावाच्या वाचकाबरोबर मिळणारा एक अंगभूत शब्दसंग्रह लागत असे. एक्स‌एम‌एल नांवाच्या पद्धतीनें लिहिलेली माहिती वाचण्यासाठीं त्याचा उपयोग होतो. हा संग्रह जावा ९ मध्यें ‘पुढें काढला जाईल’ अशी सूचना लावून ठेवण्यांत आला, आणि ११ मध्यें तो खरोखर काढून टाकण्यांत आला. वेगळा मागवून जोडतां येतो. पण तो जोडावयास मूळ कर्ता किंवा जाणता मनुष्य पाहिजे, आणि पासबुक घेऊन खिडकीशीं उभ्या असलेल्या मनुष्याला तें पुढच्या पांच मिनिटांत पाहिजे असतें. नवा वाचक जुनें लिखाण वाचतो हें सामान्यतः खरें आहे, व जावाच्या कर्त्यांनीं त्याबाबत बरीच काळजी घेतलेली आहे. परंतु ‘सामान्यतः’ या शब्दांतून आमची पतसंस्था निसटली.

पोरग्यानें जावा ८ परत बसविली. पासबुकें छापूं लागलीं, व्याज थांबलें. रात्रीं आम्हीं पुतण्यास फोन केला. तो म्हणाला, ‘काका, तुम्ही काळजी करूं नका. मी त्यांच्या आवृत्तीप्रमाणें पुन्हां करून पाठवतों, पांच मिनिटांचें काम आहे.’ खरोखरच पांच मिनिटांत त्यानें तें पाठविलें. दुसरे दिवशीं सकाळीं प्रोग्रॅम उघडला. तीनशेंवर खातेदारांचें व्याज त्यानें अचूक काढलें. खजिनदारांनीं वहीशीं दहावीस खातीं ताडून पाहिलीं, पैचा फरक नाहीं. दुपारीं तीन वाजतां बँकेकडे पाठवावयाची यादी तयार करण्याचें बटण दाबलें, आणि प्रोग्रॅम जागच्या जागीं कोसळला. या वेळीं अंकाची तक्रार नव्हती. ‘अशी क्रिया सांपडत नाहीं’ अशी ओळ होती.

बँकेची वेळ संपली. दुसरे दिवशीं वसुबारस. बाकावर एक सत्तरी उलटलेल्या बाई कापडी पिशवींत पासबुक घेऊन बसल्या होत्या. त्यांनीं आम्हांसच विचारलें, ‘मास्तर, आज नाहीं का होणार?’ आमच्याजवळ उत्तर नव्हतें. पुतण्यास फोन केला तर तो म्हणाला, ‘काका, माझ्याकडे तर व्यवस्थित चालतें आहे.’ या वाक्याचा आम्हांस त्या दिवशीं जितका राग आला तितका क्वचितच कशाचा आला असेल. परंतु तो खोटें बोलत नव्हता, आणि खरी गंमत त्यांतच आहे.

त्या रात्रीं तो उशिरापर्यंत बसला व त्याला दोष सांपडला. मागाहून तो घरीं आला तेव्हां आम्हीं त्याला पाटावर बसवून सर्व प्रकरण पहिल्यापासून समजावून घेतलें. आमच्या परिभाषेंत तें असें.

कोणत्याहि भाषेंत लिहावयाचें तर तीन गोष्टी लागतात: व्याकरण, कोश आणि शेवटीं शिक्का. जुन्या वाचकासाठीं लिहावयाचें असेल तर तिन्ही जुन्या पाहिजेत. कंपाइलरला पूर्वींपासून दोन सूचना देतां येत. ‘सोर्स’ या सूचनेनें व्याकरण कोणत्या काळचें धरावें तें सांगावयाचें. ‘टार्गेट’ या सूचनेनें शिक्का कोणत्या अंकाचा मारावा तें सांगावयाचें. पुतण्यानें दोन्ही ठिकाणीं ८ लिहिलें. लेखनिकानें व्याकरण जुनें पाळलें, शिक्काहि ५२ चा मारला. पण कोश? त्याच्या मांडीवर कोश होता तो ११ चाच! त्यांत जुना वाचक ज्यांना कधीं भेटलाच नाहीं असे शब्द होते, व लेखनिकानें ते निःशंकपणें वापरले. शिक्का जुना असल्यामुळें वाचकानें ग्रंथ विश्वासानें उघडला आणि अपरिचित शब्द येईपर्यंत वाचीत गेला. तो शब्द सकाळीं आला असता तर सकाळींच कळलें असतें. तो यादी करण्याच्या ओळींत होता, म्हणून दुपारीं तीनला कळलें. हा वाचक सर्व ग्रंथ आधीं चाळून मग वाचावयास बसत नाहीं. ज्या ओळीवर येईल तिच्यापुरते शब्द शोधतो.

आम्ही आतां पहिल्या दिवशींच्या नकाराचें कौतुक कां केलें तें ध्यानांत येईल. पहिला दोष उघड होता, दुसरा झांकलेला. चुकीचा शिक्का मारल्यानें दोष नाहींसा झाला नाहीं, तो आंत सरकला.

आणि लेखनिकानें सूचना दिली नव्हती असेंहि नाहीं. नक्कल करतांना ‘सोर्स ८ सांगितलेंत, पण मूळ कोशाचा मार्ग सांगितला नाहींत’ अशा अर्थाची एक ओळ त्यानें छापली होती. पुतण्यानें ती वाचली होती. ‘ती नेहमींच येते, काका, कोणी लक्ष देत नाहीं,’ असें तो म्हणाला, आणि मग स्वतःच थोडा ओशाळला. परीक्षेच्या पेपरवरील सूचना न वाचणारीं मुलें आम्हीं तीस वर्षें पाहिलीं, तेव्हां आम्हीं अधिक कांहीं बोललों नाहीं.

तो अपरिचित शब्द कोणता, हें पाहण्यासारखें आहे. कारण तो नवा शब्द नव्हताच! फाइलींत मजकूर लिहिण्यापूर्वीं तो एका तात्पुरत्या सांठवणींत भरतात. तिला ‘बाइट-बफर’ म्हणतात. भरून झालें म्हणजे ती वाचण्याच्या बाजूनें उलटी करावयाची. त्या क्रियेचें नांव ‘फ्लिप’. ही क्रिया जावाच्या ८ व्या आवृत्तींत आहे, त्याच्या आधींहि होती. मग ती सांपडत नाहीं म्हणजे काय?

संस्कृत शिकलेल्यांना हें चटकन् कळेल. ‘राम’ हें प्रातिपदिक झालें. वाक्यांत तें तसेंच वापरतां येत नाहीं. प्रत्यय लागून ‘रामः’, ‘रामेण’ असें पद व्हावें लागतें, तेव्हां तें प्रयोगार्ह. जावाची नक्कलहि क्रियेचें नुसतें नांव लिहीत नाहीं. ती कोणत्या प्रकारच्या वस्तु घेते व शेवटीं कोणत्या प्रकारची वस्तु परत करते, हें सर्व नांवाला जोडून लिहिते, आणि वाचक तें संपूर्ण पद शोधतो. जुन्या कोशांत ‘फ्लिप’ ही क्रिया सामान्य ‘बफर’ परत करीत असे. सप्टेंबर २०१७ मधील ९ व्या आवृत्तींत लिहिणारांच्या सोयीसाठीं तींत बदल झाला: बाइट-बफर उलटा केला तर परतहि बाइट-बफरच मिळावा, म्हणजे एका ओळींत क्रियेला क्रिया जोडून लिहितां येते. बदल सोयीचा, दिसावयास क्षुल्लक. पण नक्कलेंत आतां ‘बाइट-बफर परत करणारी फ्लिप’ असें पद उतरलें, आणि जुन्या वाचकाच्या कोशांत होतें ‘बफर परत करणारी फ्लिप’. ‘रामेण’ शोधणारास ‘रामः’ सांपडून काय उपयोग? पुतण्याच्या लॅपटॉपवर वाचकहि ११ चाच, म्हणून त्याला तें पद तत्काळ सांपडत होतें.

यांत आणखी एक बारकावा आहे. ९ व्या आवृत्तीच्या कर्त्यांनीं जुनें पद टाकून दिलेलें नाहीं. जुन्या रूपाची क्रियाहि नव्या वाचकाजवळ शिल्लक ठेविली आहे, म्हणजे जुन्या नक्कला नव्या वाचकास अडत नाहींत. मागून पुढें येणारांची सोय त्यांनीं केली. पुढून मागें जाणाराची सोय करणें त्यांना शक्यच नव्हतें, कारण जुना वाचक तर आधींच गांवोगांव जाऊन बसलेला. त्याच्या हातांतील कोशांत आज शब्द कसा घालणार? म्हणून या दिशेची सर्व जबाबदारी लिहिणारावर येते, आणि लिहिणारालाच तिची कल्पना सर्वांत कमी असते.

आमच्या पाणिनींनीं यापैकीं एक बाजू किती नीट संभाळली आहे तें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्यांच्या काळच्या शिष्ट भाषेंत ‘देवैः’ म्हणत, वेदांत ‘देवेभिः’ असेंहि येतें. पाणिनींनीं जुनें रूप अशुद्ध ठरविलें नाहीं. वेदाच्या भाषेपुरतीं जीं सूत्रें, त्यांवर ‘छन्दसि’ अशी खूण ठेविली. एकाच ग्रंथांत दोन काळांचीं व्याकरणें नांदतात, आणि कोणतें रूप कोणत्या काळाचें हें शब्दाशब्दाला सांगितलेलें आहे. पुढें कात्यायन आणि पतंजलि आले, व तिघांत मतभेद असेल तेथें मागून आलेल्याचें मत अधिक प्रमाण मानण्याची रीति वैयाकरणांत पडली. परंतु त्यामुळें कोणी जुनें सूत्र पुसून टाकलें नाहीं.

जावावाल्यांनाहि असा कोश करावा लागलाच. त्याच ९ व्या आवृत्तीपासून ‘रिलीज’ नांवाची तिसरी सूचना आली. तीपुढें ८ असें लिहिलें कीं व्याकरण, शिक्का आणि कोश तिन्ही ८ व्या आवृत्तीचीं होतात. कारण जुन्या आवृत्त्यांच्या कोशांचीं टांचणें एका फाइलींत बांधून कंपाइलरबरोबरच दिलेलीं असतात. पुतण्यानें दोन सूचना खोडून ही एक लिहिली. ‘फ्लिप’चें पद आपोआप जुन्या रूपानें उतरलें, त्याला मूळ लिखाणांत एक अक्षरहि बदलावें लागलें नाहीं. पण त्याबरोबर दुसरीच गोष्ट झाली. लेखनिकानें आणखी दोन ठिकाणीं नक्कल करण्याचें नाकारलें. एखादी ओळ कोरी आहे कीं नाहीं हें पाहण्याची एक क्रिया ११ व्या आवृत्तींत नव्यानें आली आहे. तिचा उपयोग त्यानें वारसाचें नांव तपासतांना दोनदां केला होता. नवें खातें उघडण्याच्या वेळींच त्या ओळी चालावयाच्या होत्या. दिवाळींत कोणी नवें खातें उघडलें नाहीं, एवढ्याच दैवानें तो दोष झांकलेला राहिला होता. पाडव्यानंतर पहिला ठेवीदार आला असता, आणि प्रोग्रॅम पुन्हां कोसळला असता.

वसुबारसेच्या सकाळीं सुधारलेला प्रोग्रॅम आला. यादी झाली, बँकेंत गेली. पैसे जमा होण्यास धनत्रयोदशी उजाडली. फलकावरील तारखेपेक्षां एक दिवस उशीर.

आमच्या या लहानशा प्रकरणाचे भाऊबंद सर्वत्र आहेत. मायक्रोसॉफ्टनें आपल्या प्रोग्रॅम-लेखनाच्या साधनाची २०१२ ची आवृत्ति काढली तेव्हां तिनें केलेले प्रोग्रॅम विंडोज एक्सपीवर चालत नसत, आणि एक्सपी तर तेव्हां घरोघर होती. ओरड झाल्यावर त्याच वर्षीं पुरवणी काढून ती सोय करून द्यावी लागली. गूगलच्या ‘गो’ भाषेचें साधन १.१० या आवृत्तीपर्यंत एक्सपीसाठीं लिहीत असे, १.११ पासून नाहीं. लिनक्समध्यें नव्या यंत्रावर केलेली नक्कल जुन्या यंत्राकडे नेली तर मूळ संग्रहाची अमुक आवृत्ति सांपडत नाहीं अशी तक्रार येते. तेथील जाणते लोक म्हणून मुद्दाम जुन्या यंत्रावर बसून नक्कल करतात. पायथन भाषेच्या संग्रहांसाठीं २०१६ सालीं जो पहिला सामाईक नियम ठरला त्यांत २००७ सालच्या ‘सेंटओएस ५’ या प्रणालीवर नक्कल करावी असें ठरविलें होतें. नऊ वर्षें जुन्या दौतीनें लिहावयाचें, कां तर ती शाई सर्वांना वाचतां येते! पायथनचीच दुसरी कथा तर प्रसिद्ध आहे. तिची तिसरी आवृत्ति डिसेंबर २००८ मध्यें निघाली व तिनें व्याकरणच बदललें. दुसऱ्या आवृत्तीचें लिखाण तींत जसेंच्या तसें चालेना. जुनी आवृत्ति २०१५ सालीं बंद करण्याचा बेत होता, तो १ जानेवारी २०२० पर्यंत लांबवावा लागला. एका भाषेला कात टाकावयास अकरा वर्षें लागलीं.

‘काका, एवढें जुनें ठेवायचेंच कशाला? सगळ्यांनीं नवें घ्यावें,’ असें पुतण्याचें म्हणणें. त्याच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. जुन्या वाचकांत चोरांना शिरावयास जीं भोकें सांपडतात तीं बुजविणारें कोणी उरलें नाहीं म्हणजे तो वाचक पैशांच्या संस्थेंत ठेवणें धोक्याचें असतें. जावा ८ ला तशा दुरुस्त्या कांहीं वितरकांकडून मिळत राहिल्या आहेत, म्हणून बरें. शिवाय लेखनिकहि जन्मभर मागचें लिहून देण्यास बांधलेला नाहीं. जावाच्या १२ व्या आवृत्तीच्या कंपाइलरनें ६ साठीं लिहिणें सोडलें, २० व्या आवृत्तीनें ७ साठीं लिहिणें सोडलें, आणि २१ वी आवृत्ति ८ साठीं लिहून देते खरी, पण ‘हें आतां फार दिवस चालणार नाहीं’ असें बजावून देते. भोंवतालचे संग्रहहि पुढें निघून जातात. स्प्रिंग नांवाचा जो संग्रह व्यापारी कचेऱ्यांत सर्रास वापरतात त्याच्या ६ व्या आवृत्तीला, २०२२ पासून, वाचक १७ चाच लागतो. तेथें ‘रिलीज ८’ लिहून कांहीं साधत नाहीं. उलट, साधन स्वतः कोणत्या आवृत्तीवर चालतें आणि कोणत्या आवृत्तीसाठीं लिहितें या दोन गोष्टी मात्र भिन्न आहेत, व पुष्कळजण त्यांची गल्लत करतात. ग्रेडल नांवाचें बांधणीचें साधन आहे. त्याची ९ वी आवृत्ति स्वतः चालावयास जावा १७ मागते, पण तिच्याकडून ८ साठीं नक्कल करून घेतां येते. लेखनिकाला स्वतःला बसावयास खुर्ची लागते म्हणून त्यानें पत्रहि खुर्चीवाल्यांनाच लिहावें असें नाहीं.

तेव्हां जुनें तें सोनें म्हणून कवटाळावें असा आमचा पक्ष नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. नवें घेण्याचा खर्च व दगदग कोणावर पडते हें नव्याची शिफारस करणारा पाहत नाहीं. कंपनींत बसलेल्या मनुष्याला आवृत्ति बदलणें म्हणजे दुपारचें काम. आमच्या पतसंस्थेला तें म्हणजे पासबुकाचा प्रोग्रॅम नव्यानें करवून घेणें, छापण्याचें यंत्र त्याला जुळतें कीं नाहीं पाहणें, सभेची मंजुरी, आणि तोंवर खिडकीशीं उभ्या असलेल्या लोकांची समजूत घालणें. म्हणून लिहिणारानें आधीं विचारावें: वाचणारा कोण आहे? पुतण्यानें प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वीं ‘तुमच्याकडे जावा कितवी?’ एवढा एक प्रश्न फोनवर विचारला असता तर तीन दिवस वांचले असते. आम्हींहि तो विचारला नाहीं. शिफारस करतांना मुलाच्या हुशारीचें वर्णन केलें, त्याच्या लॅपटॉपचें वयहि विचारलें नाहीं. आणि तयार झालेला प्रोग्रॅम ज्या यंत्रावर चालावयाचा त्यावरच, निदान त्या आवृत्तीच्या वाचकावर, शेवटच्या बटणापर्यंत एकदां चालवून पाहावा. जेथें तें शक्य नसेल तेथें केलेली नक्कल जुन्या कोशाशीं ताडून पाहणारीं साधनें आहेत. त्यांपैकीं एकाचें नांव ‘अॅनिमल स्निफर’, म्हणजे जनावरें हुंगणारा. नांव कांहींहि असो, काम खरें करतें.

पुतण्यानें आतां आपल्या लॅपटॉपवर जावा ८ चा वाचक वेगळा बसवून घेतला आहे व पतसंस्थेचें कांहीं काम असेल तर आधीं त्यावर चालवून पाहतो. एकाच यंत्रावर दोन आवृत्त्यांचे वाचक सुखानें नांदूं शकतात. त्या पोरग्याला पहिल्या दिवशीं जुनी काढण्याची कांहीं गरजच नव्हती, नवी शेजारीं बसवून व्याजाच्या प्रोग्रॅमला तिचा पत्ता दिला असता तरी भागलें असतें. हें आम्हांला फार उशिरां कळलें. पतसंस्थेच्या वार्षिक सभेंत नव्या पासबुक-प्रोग्रॅमसाठीं रक्कम ठेवण्याचा ठराव आला होता. तो पुढील सभेपर्यंत तहकूब झाला.

मागच्या आठवड्यांत आम्ही व्याजाची चौकशी करावयास गेलों होतों. खजिनदारांनीं त्या संगणकाच्या कडेला एक कागद चिकटविला आहे. आमच्या वर्गांत असतांना त्यांचें अक्षर जितकें वाईट होतें तितकेंच अजून आहे, पण मोठ्या अक्षरांत लिहिलें असल्यामुळें वाचतां येतें: ‘येथें जावा ८ आहे. पुण्यास विचारल्याशिवाय काढूं नये.’ खालीं आमच्या पुतण्याचा फोन नंबर, आणि त्याच्याखालीं, तो न उचलल्यास म्हणून, आमचा.